परत करायचे कपडे

स्टायलिस्टच्या कामात निम्मा वेळ कपडे परत करण्यात जातो. तोक्योत मासिकाच्या किंवा जाहिरातीच्या फोटोसाठी जे कपडे दिसतात, ते सहसा कुणी विकत घेतलेले नसतात. कंपन्यांच्या प्रेसरूममधून ते उसने आणायचे आणि फोटो झाला की होते तसेच नेऊन द्यायचे. सकाळी आओयामा, दुपारी शिबुया, संध्याकाळी दाइकान्यामा. दोन्ही खांद्यांवर पिशव्या, हातात नोंदीचा कागद. कुठल्या प्रेसरूमचा कुठला नग, कुठला रंग, कुठला साइज, कुठल्या तारखेला परत. मासिकात तो कपडा छापून आला की शेजारी त्याची किंमत आणि दुकानाचं नाव येतं. तेही बिनचूक जुळवायचं काम असिस्टंटचंच. मी काही वर्षं असिस्टंट होते आणि आता स्वतःच्या नावावर काम करते. कपडे मात्र अजूनही मीच नेऊन देते.

मी भुसावळची. आमचं लहानपण रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेलं. भुसावळ गाव रेल्वेनंच मोठं केलं. मुंबईकडून आलेली लाइन इथे फुटते, एक नागपूरमार्गे हावड्याकडे, दुसरी खंडवा-इटारसीकडे. त्यामुळे आमच्या चाळीत एका घरात तेलुगू, दुसऱ्या घरात बंगाली, पलीकडे तमिळ, समोर सिंधी, असा प्रकार. वडील गार्ड होते. २०२२ पासून या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण ते निवृत्त झाले ते गार्ड म्हणूनच. पांढरा गणवेश, कडक इस्त्री, आणि सोबत लोखंडी लाइन बॉक्स. त्यात लाल-हिरवे झेंडे, हातबत्ती, धुक्यात रुळावर लावायचे फटाके, प्रथमोपचाराचं सामान, नियमांचं पुस्तक. ड्यूटीवर जाताना मोजायचं, आल्यावर पुन्हा मोजायचं. माझी तोक्योतली पिशवी म्हणजे बाबांचा लाइन बॉक्सच. त्यात वाफेची इस्त्री, टाचण्या, पाठीमागून कपडा आवळायचे चिमटे, सुईदोरा, केस उचलणारा चिकट रोलर, बुटांत घालायचे तळवे आणि मास्किंग टेप.

टेप बुटांच्या तळाला लावायला. उसने बूट घालून मॉडेल दोन पावलं चालली तरी तळाला ओरखडे पडतात, म्हणून आधी तळ टेपनं पूर्ण झाकून घ्यायचा. किमतीची चिठ्ठी कापायची नाही, आत वळवून टाचायची. डोक्यातून घालायचा कपडा असेल तर चेहऱ्यावर आधी पातळ कापडी पिशवी चढवायची, म्हणजे गळ्याला मेकअप लागत नाही. ही पिशवी जपानमधल्या साध्या दुकानांच्या ट्रायल रूममध्येही ठेवलेली असते. भुसावळच्या कापड दुकानांत ती का ठेवत नाहीत, असा प्रश्न मला दर सुट्टीत पडतो. आमच्याकडच्या उन्हाळ्यात घामानं ओला झालेला चेहरा नव्या कुर्त्यातून जातो आणि तो कुर्ता पुढच्या गिऱ्हाइकासाठी पुन्हा घडी होऊन बसतो.

आई पुढच्या खोलीत ब्लाउज शिवायची. फॉल-पिको, काज-बटन, अस्तर लावणं, सगळं. तिच्याकडे चाळीतल्या सगळ्या प्रांतांच्या बायका यायच्या आणि प्रत्येकीची बाही, गळा, पाठ निराळी असायची. आई फॅशनबद्दल कधी बोलली नाही. माप घेण्याआधी ती एवढंच विचारायची, “कुठं घालणार?” लग्नात, की ऑफिसात, की गावी सासूसमोर. त्यावर गळ्याची खोली ठरायची. पुढे फॅशनच्या शाळेत एका सरांनी दोन तास शिकवलं की कपडा निवडण्याआधी तो कुठे आणि कुणाला दिसणार आहे ते ठरवा. मी वहीत काहीच लिहून घेतलं नाही.

जपानच का, हे लोक विचारतात. पॅरिस म्हटलं असतं तर कुणी विचारलं नसतं. आमच्या भागात जपानी माणूस दिसणं तसं नवलाचं नव्हतं. अजिंठ्याला जाणारे प्रवासी जळगावला उतरतात, आणि अजिंठा-वेरूळच्या जतनासाठी नव्वदच्या दशकापासून जपाननं कर्ज दिलेलं आहे. कॉलेजात असताना मी एकदा पाहुण्यांना घेऊन लेणी दाखवायला गेले होते. पहिल्या लेण्यात एक वयस्क जपानी बाई वही घेऊन उभ्या होत्या. बाकी सगळे पद्मपाणीचा चेहरा बघत होते. या बाई चित्रातल्या माणसांच्या कमरेचं वस्त्र बघत होत्या आणि त्यावरचे पट्टे वहीत उतरवत होत्या. मी तोवर त्या लेण्यात कितीतरी वेळा गेले असेन, पण त्या वस्त्रांकडे नीट पाहिलं नव्हतं. धागा आधी बांधून रंगवायचा आणि मग विणायचा, म्हणजे आपलं इकत, त्याच्याशी जुळणारी नक्षी तिथे आहे. जपानात त्याच पद्धतीच्या कापडाला कासुरी म्हणतात, हे मला नंतर कळलं. अराई काम्पो नावाचे जपानी चित्रकार रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून १९१६ मध्ये भारतात आले आणि त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या, हेही नंतरच वाचलं. आपल्या घराजवळची गोष्ट कुणीतरी इतक्या लांबून येऊन इतकी बारकाईनं बघतं, याचा मला थोडा राग आला होता. बहुधा त्या रागातूनच मी जपानी शिकायला लागले.

तोक्योत गेले ती भाषेच्या शाळेत. शिंजुकूजवळचं बुन्का फॅशन कॉलेज हे या धंद्यातलं मोठं नाव. १९२३ सालची शाळा, केन्झो ताकादा आणि योजी यामामोतो तिथलेच. तिथली फी झेपण्यासारखी नव्हती म्हणून एका लहान संस्थेत दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला. विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला २८ तासच काम करता येतं. ते तास मी कोएंजीतल्या एका जुन्या कपड्यांच्या दुकानात घालवले. शिकण्याच्या हिशेबानं ते दुकान शाळेपेक्षा बरं होतं. अमेरिकेतून गठ्ठ्यानं आलेले कपडे उलटे करून शिवण बघायची, चेन कुठल्या कंपनीची ते बघायचं, लेबलवरून दशक ओळखायचं. घर मिळायला त्रास झाला. परदेशी भाडेकरू नको, असं एजंट तोंडावर सांगतात, फार नम्रपणे सांगतात. त्यावर मी इथे जास्त लिहीत नाही. मुंबईत खोली शोधलेल्या माणसाला त्यात नवीन काही नाही.

स्टायलिस्ट हा पेशा जपानात तसा जुना नाही. याक्को या नावानं ओळखल्या जाणाऱ्या यासुको ताकाहाशी यांना तिथल्या पहिल्या स्टायलिस्टांपैकी एक मानतात. डिझायनर कान्साई यामामोतोचा १९७१ चा लंडनमधला शो त्यांनी उभा केला, पुढे डेव्हिड बोवीसोबत काम केलं. २०२२ मध्ये त्या वारल्या. ‘आन-आन’ हे मासिक १९७० ला निघालं, पुढच्याच वर्षी ‘नॉन-नो’, आणि कपडे निवडून अंगावर चढवणाऱ्या माणसाची मासिकांना कायमची गरज लागली. मी पोचले तेव्हा त्या मासिकांचा भर ओसरायला लागला होता. हाराजुकूच्या रस्त्यावरच्या पोरापोरींचे फोटो छापणारं ‘फ्रूट्स’ १९९७ ला सुरू झालं आणि २०१७ ला थांबलं. फोटो काढण्यासारखी मुलंच आता रस्त्यावर दिसत नाहीत, असं त्याच्या संपादकानं कारण दिलं. मला ते पटलं नव्हतं. मुलं होती, ती कोएंजीला आणि शिमोकिताझावाला सरकली होती.

सुरुवातीला मला कामं मिळाली ती कॅमेऱ्यासमोरची. परदेशी चेहरा हवा असतो, त्यातही सावळा, टपोऱ्या डोळ्यांचा. साडी नेसून या, टिकली लावा, घरचे दागिने असतील तर आणा. भाडं भरायचं होतं, मी गेले. पैसे वेळेवर मिळायचे, वागणूक चांगली असायची, तक्रारीला जागा नव्हती. फक्त घरी येताना वाटायचं, की मी इथे एवढी भाषा शिकले ती गप्प उभं राहण्यासाठी का.

अशाच एका फोटोच्या दिवशी दुसऱ्या मॉडेलच्या लिननच्या पॅंटची खालची दुमड उसवली. असिस्टंट नवा होता, तो दुहेरी चिकटपट्टी शोधत होता. लिननवर तिचा डाग राहू शकतो. मी पिशवीतून सुई काढली आणि खाली बसून तुरपाई घातली. आईची तुरपाई म्हणजे कापडाचा एकच धागा उचलायचा, दोरा सैल सोडायचा, बाहेरून काही दिसता कामा नये. स्टायलिस्ट बाई वाकून बघत होत्या. त्यांनी विचारलं, “हे परत काढता येईल?” मी एक टोक ओढलं, सगळा दोरा निघून आला, कापडावर भोकसुद्धा दिसेना. “पुन्हा घाल,” त्या म्हणाल्या. निघताना त्यांनी कार्ड दिलं, आणि पुढच्या महिन्यापासून मी त्यांच्याकडे जायला लागले. माझी आवडनिवड काय, मी कुठे शिकले, माझ्या देशात काय नेसतात, यातलं त्यांनी तेव्हा काहीही विचारलं नाही.

असिस्टंटचे दिवस कुणी गोड करून सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. पगार म्हणावा असा नसतो. पहाटे बाहेर पडायचं, शेवटच्या गाडीनं परतायचं. बाईंसोबत सेटवर उभं असताना बोलायचं नाही. पुढची वस्तू त्यांच्या हाताशी आधीच असली पाहिजे. माझ्याबरोबर सुरू केलेल्यांपैकी बरेच जण वर्षाच्या आतच सोडून गेले, त्यातले बहुतेक जपानीच होते. मी टिकले याचं श्रेय चिकाटीला देत नाही. व्हिसा नोकरीला बांधलेला होता, सोडून जायला जागाच नव्हती.

या काळात रंग शिकले, म्हणजे नव्यानं शिकले. मी खानदेशातली. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आकाश पांढरं पडतं, त्या उजेडात फिके रंग दिसतच नाहीत. तिथे गुलाबी म्हणजे राणी आणि हिरवा म्हणजे पोपटी असावा लागतो. माझा डोळा त्या उजेडावर बसलेला. जूनच्या पावसाळी तोक्योत, ढगाळ आकाशाखाली तेच रंग ओरडायला लागतात. बाई काही बोलायच्या नाहीत. मी मांडलेल्या कपड्यांतला एक रंग उचलून बाजूला ठेवायच्या, पुढच्या वेळी पुन्हा एक. वर्षभरानं त्या उचलेनाशा झाल्या. मग एकदा बाहेरच्या शूटला, ऑगस्टच्या कडक उन्हात, मी न विचारता रॅकवर एक राणी ओढणी ठेवली होती. ती त्यांनी वापरली. मासिकात असिस्टंटचं नाव छापत नाहीत, पण ते पान मी आईला पाठवलं. “ओढणीला पिको नीट नाही,” ती म्हणाली. खरंच नव्हता.

किमोनो नेसवायला शिकले ते पोटासाठी. जानेवारीतल्या दुसऱ्या सोमवारी जपानात वयात आल्याचा दिवस साजरा होतो. वयात येण्याचं कायदेशीर वय २०२२ मध्ये अठरावर आलं, तरी बहुतेक गावांत समारंभ वीस वर्षांच्या मुलामुलींचाच असतो. मुली लांब बाह्यांचा फुरिसोदे नेसतात आणि तो स्वतःला नेसता येत नाही. पहाटे चारपासून रांग लागते. नेसवणाऱ्या कमी पडतात, हात चांगला असेल तर पासपोर्ट कुणी बघत नाही. किमोनोला अंगाचा बाक नको असतो. कमरेला टॉवेल गुंडाळून आधी शरीर सरळ दंडगोल करून घ्यायचं, मग कापड. उजवी बाजू आत, डावी वर. उलट नेसवतात ती मृताला, त्यामुळे आरशासमोर उभं राहून शिकताना डोकं फिरतं. आपली नऊवारी बरोबर दुसऱ्या टोकाची. तिला अंग हवं, चाल हवी, कासोटा घालून वाकता-बसता आलं पाहिजे. पण दोन्हीकडे मुळात एक सरळ लांब कापड आहे, आणि दोन्ही उलगडली की पुन्हा सपाट होतात. किमोनो तर उसवून, तुकडे पुन्हा जोडून, धुऊन, परत शिवतात. आजीचा नातीला होतो. मला हे फार आवडतं. ऋतूचा काटेकोरपणाही आवडतो. जूनमध्ये अस्तर काढायचं, भर उन्हाळ्यात जाळीदार कापड, ऑक्टोबरात अस्तर परत. आमच्याकडे मेच्या लग्नात नवरी जरीचा शालू नेसून मांडवात उकडत बसते आणि आपण त्याला परंपरा म्हणतो.

२०१८ च्या त्या समारंभाच्या दिवशी योकोहामातल्या एका भाड्यानं किमोनो देणाऱ्या कंपनीनं दारं बंद केली. पैसे आधीच घेतलेले, मुली पहाटे येऊन उभ्या, आत कुणी नाही. देशभर बातम्या झाल्या. आमच्या व्यवसायातल्या माणसांना त्याचा जेवढा धक्का बसला तेवढा पुढे मासिकं बंद पडल्याचाही बसला नाही. कितीतरी नेसवणाऱ्या बायकांनी त्या दिवशी आपल्याकडचे किमोनो काढून दिले. इथे सगळा धंदा दुसऱ्याची वस्तू वेळेवर पोचवण्यावर उभा आहे, आणि ते एका सकाळी कोसळलं तर काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं.

नऊवारीची कामं निशिकासाईतून येतात. एदोगावा भागातल्या या स्टेशनाभोवती २००० च्या सुमारास भारतीय इंजिनीअर राहायला लागले, आज तिथे शाळा, किराणा, देवळं सगळं आहे. गणपतीला मराठी मंडळींत नेसवायला बोलावतात. शिवलेली नऊवारी आता सगळ्यांकडे असते, पॅंटसारखी चढवायची. त्याला नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. पाच मिनिटांत तयार होऊन बाई आरतीला पोचते, हे चांगलंच. पण एकदा एका जपानी सुनेनं शिवलेली बाजूला ठेवून खरी नेसवायला सांगितली. तिच्या सासूबाई पुण्याहून आलेल्या. त्यांनी तिला पूर्ण नेसलेली पाहिली आणि मागच्या काष्ट्याची एक निरी माझ्यासमोरच सुधारली. मला बरं वाटलं. नेसवणाऱ्यावर ज्याला अधिकार आहे असा माणूस घरात असला की काम हलकं होतं.

सून, सासू, मी, तिघींत जपानी बोलणारी सून आणि मी, मराठी बोलणारी सासू आणि मी. अशा ठिकाणी परदेशी असण्याचा थोडा फायदा मिळतो. एरवी परदेशी म्हणून मिळालेलं काम परदेशी म्हणूनच संपतं, हा माझा अनुभव. साडी, हळद, दिवाळी अंक काढणारी एखादी कंपनी, भारताबद्दलची जाहिरात. ऑक्टोबर संपला की फोन थांबतो. वर्षभर घर चालतं ते निनावी कामावर. ऑनलाइन दुकानांसाठी कपड्यांचे फोटो, मोजमाप आणि वर्णन, या तिन्हींना मिळून इथे ‘सासागे’ म्हणतात. कपडा टेबलावर सपाट ठेवायचा, खांदा, छाती, बाही, लांबी सेंटिमीटरमध्ये मोजायची, फोटो, चार ओळी, पुढचा. आधी या कामाची मला लाज वाटायची. पण हजारो कपडे सपाट मोजल्यावर कपडा अंगावर न चढवताच कसा बसेल ते दिसायला लागतं, आणि त्यासाठी लोक मला आता जाहिरातींच्या कामाला बोलावतात.

स्वतंत्र झाल्यावरची खरी लढाई कपड्यांची नव्हती, कागदांची होती. नोकरी नाही म्हणजे कंपन्यांची करारपत्रं गोळा करून इमिग्रेशनला दाखवायची, की या बाईला वर्षभर पुरेल एवढं काम आहे. व्हिसा एकेका वर्षाचा मिळत राहिला. तीन वर्षांचा आला त्या दिवशी मी पहिल्यांदा सोफा विकत घेतला.

भुसावळला येते तेव्हा मावशी विचारते, “एवढ्या लांब जाऊन तू इस्त्र्याच करते का गं माय?” करते. मागच्या खेपेला ओळखीतले एक रेल्वेवाले मुलीला घेऊन आले. मुलगी फॅशन डिझायनिंगचा कोर्स करत होती, तिला जपानला यायचं होतं. मी सांगितलं, आधी जपानी शीक, परीक्षेच्या दुसऱ्या पातळीपर्यंत तरी, नाहीतर तुला कॅमेऱ्यासमोरच उभं करतील. मशीन सगळ्यांना येतं, हातशिलाई पक्की कर. वडिलांनी खर्च विचारला. भाषेची शाळा, फी, राहणं, असिस्टंटची पहिली वर्षं, सगळं धरून मी खरा आकडा सांगितला. ते थोडा वेळ हिशेब करत राहिले.

“एवढ्यात तर इथं जामनेर रोडला बुटीक निघतं,” ते म्हणाले.

निघतं. चालतंसुद्धा. भुसावळात अशी बुटीकं चालवणाऱ्या बायका मला माहीत आहेत, आणि त्यातल्या काही माझ्यापेक्षा जास्त कमावतात. मुलीला मी तेही सांगितलं.